अक्रोडाचा कातीव वाडगा



आज मी आपल्याशीं एका वाडग्याविषयीं बोलणार आहें. हा वाडगा पितळेचा नाहीं, कांचेचा नाहीं, चिनी मातीचाही नाहीं. तो लाकडाचा आहे, आणि लाकूड अक्रोडाचें आहे. या क्षणीं तो माझ्यापुढें टेबलावर ठेवलेला आहे. तोंडाचा व्यास साडेसात इंच, उंची तीन इंचांहून किंचित् कमी, आणि कांठाची जाडी पाव इंच. त्यावर टिचकी मारली कीं चांगल्या भाजलेल्या मडक्यासारखा बारीक नाद निघतो; तो कदाचित् आपणांसही ऐकूं आला असेल.

हा वाडगा मीं स्वतः कातला. याच्या आधीं कातलेला वाडगा फुटला. तो कां फुटला आणि हा कां टिकला, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. परंतु तेवढें नीट समजावें यासाठीं चरक म्हणजे काय आणि लाकूड म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

आपल्या भाषेंत ‘कातणें’ हें क्रियापद दोन धंद्यांत चालतें. सूत कातणें सर्वांना ठाऊक आहे. लाकूड कातणें मात्र शहरांतील मुलांनीं बहुधा ऐकलेलेंही नसतें. लाकूड फिरतें ठेवून त्यास हत्यार लावावयाचें आणि गोल आकार द्यावयाचा, याला कातणें म्हणतात. हें काम करणारा तो कातारी, आणि ज्या यंत्रावर तो काम करतो तो चरक. लाटणें, भोंवरा, पाळण्याचे खुंट, पलंगाचे पाय, बुद्धिबळाचीं प्यादीं, हीं सारीं चरकावरचींच. सुतार आणि कातारी यांत भेद असा कीं, सुताराचें लाकूड स्थिर असतें आणि हत्यार चालतें. कातार्‍याचें लाकूड चालतें आणि हत्यार जवळजवळ स्थिर असतें. या बाबतींत तो सुतारापेक्षां कुंभाराचा अधिक जवळचा आप्त. मात्र कुंभार चुकला तर माती पुन्हां मळतां येते. कातार्‍यानें एकदां काढलेली ढलपी परत जागेवर बसत नाहीं.

माझे वडील कातारी होते. लाखेच्या रंगीत खेळण्यांसाठीं आणि लाकडी फळांसाठीं प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीच्या बाजूला आमचें गांव. वडिलांचा चरक हाताचा होता. दोन ठोकळ्यांना दोन लोखंडी अण्या, त्यांच्यामध्यें धरलेलें लाकूड, लाकडाभोंवतीं दोरीचे दोन वेढे, आणि दोरीचीं टोकें माझ्या दोन हातांत. ताक करतांना रवी फिरते अगदीं तसें तें लाकूड एकदां इकडे व एकदां तिकडे फिरे. तें अंगाकडे फिरत असे तेवढ्याच वेळीं हत्यार लागे. उलट फेर्‍यास वडील हत्यार केंसभर मागें घेत. शेवटीं फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरीत. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लाकडावर पसरे, आणि केवड्याच्या पातीनें घांसली कीं तिला आरशासारखी झळक येई. मी दोरी ओढी, पण माझें लक्ष शाळेच्या पुस्तकांत. पुढें मी मॅट्रिक झालों, मास्तर झालों, आणि वडिलांच्या पश्चात् तो चरक कोणी जळाऊ लाकडांत घातला हेंही मला ठाऊक नाहीं.

ही दोरीची युक्ति फार जुनी. ईजिप्त देशांत पेटोसिरिस नांवाच्या एका धर्माधिकार्‍याच्या थडग्यांत, सुमारें २३०० वर्षांपूर्वीं कोरलेलें असें एक चित्र आहे कीं, एक माणूस पट्टा ओढीत आहे आणि दुसरा लाकडाला हत्यार लावून बसला आहे. युरोपांत पट्टा ओढणार्‍याच्या जागीं एक लवचिक दांडा आला. दोरीचें एक टोंक दांड्याला व दुसरें पायाखालच्या फळीला बांधीत. पाय दाबला कीं लाकूड फिरे, पाय उचलला कीं दांडा दोरी परत ओढून घेई. इंग्लंडांत कित्येक शतकें सामान्य माणसाचें जेवण असल्या चरकावर कातलेल्या लाकडी भांड्यांतच होत असे. १५४५ सालीं बुडालेलें ‘मेरी रोझ’ हें आठव्या हेन्रीचें लढाऊ जहाज १९८२ सालीं समुद्रांतून वर काढण्यांत आलें. त्यांत खलाशांचे लाकडी वाडगे व तबकें पुष्कळ सांपडलीं. पायानें चरक चालवून वाडगे कातण्यावर पोट भरणारा तेथील जुन्या परंपरेंतला शेवटचा कारागीर जॉर्ज लेली हा १९५८ सालीं वारला. एकाच ठोकळ्यांतून तो एकांत एक बसणारे अनेक वाडगे काढी. त्याचा चरक रेडिंग येथील संग्रहालयांत जपून ठेविलेला आहे. ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां मला आमच्या पडवीतील चरकाची आठवण होऊन थोडी लाज वाटली, हें कबूल करतों.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं विजेवर चालणारा एक लहान चरक घेतला. आमच्या गल्लींतील शिरिषाचें झाड वादळांत पडलें होतें. त्याचे तुकडे मागून आणून हात बसविला. शिरिषाच्या लाकडाला लाकडाच्या व्यापारांत ‘ईस्ट इंडियन वॉलनट’, म्हणजे हिंदी अक्रोड, असें नांव आहे. रंगानें तें अक्रोडासारखें दिसतें खरें, पण दोन्ही झाडांचें नातें कांहीं नाहीं. आणि शिरिषाची पूड नाकांत गेली कीं शिंकांवर शिंका येतात. वर्षभर त्या शिंका काढल्यावर मीं वखारींतून खर्‍या अक्रोडाची एक जाड फळी आणली. तिचे दोन वाडगे होण्यासारखे होते.

अक्रोड, संस्कृतांतील अक्षोट, याचें लाकूड आपल्या देशांत मुख्यतः हिमालयाच्या प्रदेशांतून, विशेषतः काश्मीरांतून येतें. काश्मीरांत पंधराव्या शतकांत सुलतान झैन-उल-आबिदीन यानें ज्या अनेक कलांना आश्रय दिला, त्यांच्या परंपरेंत तेथील अक्रोडी कोरीवकाम मोडतें. तेथील कारागीर मुळाजवळचें गडद लाकूड सर्वांत मोलाचें मानतात, त्याखालोखाल खोडाचें. फांद्यांचें फिकें लाकूड स्वस्त. झाड फळें देतें म्हणून तें सहसा तोडूं देत नाहींत. १९६९ सालीं तेथें झालेल्या कायद्यानें परवानगीवांचून अक्रोड तोडण्यास बंदी घातली. म्हणून हें लाकूड महाग, आणि म्हणूनच त्याचा एक तुकडा वायां गेला तर जिवाला लागतें.

कातार्‍याला तें इतकें प्रिय कां? वजनानें तें साधारण सागाएवढें. वाळलेल्या घनमीटरचें वजन सुमारें ६४० किलो भरतें. फार कठीण नाहीं, फार मऊ नाहीं. त्याचे धागे धारेखालीं स्वच्छ कापले जातात, फाटत नाहींत. सालीजवळचा भाग फिकट पिंवळसर, आणि आंतला गाभा करड्यापासून चॉकोलेटी रंगापर्यंत, त्यांत काळसर रेघा. वाडगा कातूं लागलें म्हणजे या रेघा नकाशांतील उंचीच्या रेषांप्रमाणें वळतात. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. या लाकडांत टॅनिन असतें. ओल्या लाकडाला लोखंड लागून राहिलें तर निळा-काळा डाग पडतो, आणि तो जातां जात नाहीं.

आतां लाकडाच्या स्वभावाविषयीं. लाकूड म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांची जुडी. ताज्या लाकडांत पाणी दोन ठिकाणीं असतें: नळ्यांच्या पोकळींत आणि नळ्यांच्या भिंतींत. पोकळींतील पाणी आधीं जातें. त्यानें लाकूड हलकें होतें, पण आकसत नाहीं. मडक्यांतील पाणी ओतल्यानें मडकें लहान होत नाहीं, तसेंच हें. परंतु कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारें ३० टक्के पाणी उरलें, म्हणजे पोकळ्या रिकाम्या झाल्या व भिंतींतील पाणी निघूं लागलें, कीं लाकूड आकसूं लागतें. हें आकसणें सर्व दिशांनीं सारखें नसतें. झाडाच्या उंचीच्या दिशेनें तें जवळजवळ नाहींच. गाभ्याकडून सालीकडे थोडें. आणि वलयांच्या घेरानें त्याच्या सुमारें दुप्पट. ओंडका उन्हांत ठेवला कीं सालीपासून गाभ्याकडे जाणार्‍या चिरा कां पडतात, याचें कोडें येथें सुटतें. घेर आकसूं पाहतो, व्यास तितका आकसत नाहीं. मग घेराला कोठेंतरी उसवावेंच लागतें. अक्रोडाचा गुण असा कीं त्यांत हा फरक दुपटीचा नसून दीडपटीच्या आसपास आहे. म्हणून बंदुकीचे दस्ते करण्यास तो शतकानुशतकें पसंत केला गेला. पण फरक कमी आहे याचा अर्थ फरक नाहीं असा नव्हे, आणि येथेंच मी चुकलों.

वाडग्यासाठीं ओंडका उभा चिरतात व मधला गाभा टाकून देतात. त्या अर्ध्या भागांतून गोल ठोकळा काढून तो चरकावर आडवा बसवितात. म्हणजे लाकडाचे धागे चरकाच्या आंसाला काटकोनांत राहतात. त्यामुळें प्रत्येक फेर्‍यांत हत्यारासमोर दोनदां धाग्यांची बाजू येते आणि दोनदां धाग्यांचीं टोकें येतात. मांजराच्या अंगावरून केंसांच्या दिशेनें हात फिरविला तर तें स्वस्थ बसतें, उलट फिरविला तर फिसकारतें. लाकडाचें तसेंच आहे. म्हणून नियम असा कीं, बाहेरची बाजू कातावयाची ती बुडाकडून कांठाकडे, आणि आंतली कातावयाची ती कांठाकडून बुडाकडे. असें केलें म्हणजे कापल्या जाणार्‍या धाग्याला मागच्या धाग्याचा आधार राहतो आणि पृष्ठ गुळगुळीत निघतें.

हत्यार म्हणजे लांब मुठीची गोल पटाशी. नवशिक्या तिची धार एकदम लाकडांत घालतो. मग हत्यार अडकतें, हिसका बसतो, आणि कधीं कधीं वाडगा उडून जातो. खरी रीत अशी: पटाशी आधीं टेकणावर ठेवावी, नंतर धारेमागील उतार फिरत्या लाकडावर नुसता टेंकवावा. त्या वेळीं कांहींच कापलें जात नाहीं. मग मूठ हळूहळू उचलीत जावें. धार लाकडाला लागते आणि फितीसारखी ढलपी सुटूं लागते. खांदा, कोंपर आणि कंबर यांनीं मिळून काम करावयाचें असतें. मनगटाच्या जोरावर कातणारा लवकर थकतो.

वेगाचेंही भान हवें. दहा इंच व्यासाचा ठोकळा मिनिटाला हजार फेरे घेऊं लागला, तर त्याचा कांठ ताशीं सुमारें ४८ किलोमीटर वेगानें धांवत असतो. म्हणून मोठा व ओबडधोबड ठोकळा सावकाश फिरवावा. चरकापाशीं सैल बाह्या, उपरणें, मोकळे केंस, गळ्यांतील माळ, यांपैकीं कांहीं असूं नये. चेहर्‍यापुढें पारदर्शक ढाल आणि घांसतांना नाकावर पट्टी असावी. वडिलांपाशीं यांतलें कांहींच नव्हतें. पण त्यांचा चरक माझ्या हातांच्या वेगानें फिरे, विजेच्या नव्हे.

आतां फुटलेल्या वाडग्याची गोष्ट. वखारवाल्यानें फळी वाळलेली आहे म्हणून सांगितलें होतें, आणि वरून ती कोरडी होतीही. पण तीन इंच जाडीच्या पोटांत ओल होती. कातूं लागल्यावर ढलप्या हाताला गार लागल्या, तेव्हांच मीं ओळखावयास हवें होतें. मला उत्साह आवरेना. एका दुपारींच वाडगा पुरा केला. कांठ पाव इंच पातळ काढला, आणि बूड मात्र भोंक पडेल या भीतीनें चांगलें बोटभर जाड ठेवलें. चैत्र महिना होता. मंडळींना दिसावा म्हणून तो खिडकींत ठेवला. चौथ्या रात्रीं ‘ताड्’ असा आवाज झाला. दिवा लावून पाहतों तों कांठापासून बुडापर्यंत चीर. पातळ कांठ लवकर वाळला व आकसूं लागला. जाड बूड अजून ओलें, तें आकसावयास तयार नाहीं. दोघांच्या ओढाताणींत वाडगा गेला. तो वाडगा दोन्ही ठिकाणीं सारखा पातळ असता तर वांकडा झाला असता, पण बहुधा फुटला नसता.

त्या रात्रीं मला एक जुनी गोष्ट आठवली. वडील भांडीं ओबडधोबड कातून, जाडच ठेवून, भाताच्या तुसांत पुरून माळ्यावर टाकीत. पावसाळा जाई, दसरा जाई, तरी तीं तशींच. एकदां एक गिर्‍हाईक आठ दिवसांत लाकडी वाडगे करून मागूं लागलें; पैसेही पुढें केले. वडिलांनीं नकार दिला. आमच्या घरांत त्या वेळीं पैशाची निकड होती आणि माझ्या परीक्षेची फी भरावयाची होती. मी रागावून म्हणालों, “आबा, माळ्यावर वीस पडले आहेत, ते पुरे करून द्या कीं.” ते एवढेंच म्हणाले, “अरे, निजूं दे त्यांना.” मला तो निव्वळ आळस वाटला, आणि तसें मीं आईपाशीं बोलूनही दाखविलें. पुढें चाळीस वर्षें मुलांना वर्गांत पदार्थांचें आकुंचन-प्रसरण शिकविलें. माळ्यावरचे वाडगे त्या धड्यांत आहेत हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

फळीचा दुसरा अर्धा भाग शिल्लक होता. या वेळीं मीं वडिलांच्या रीतीनें चाललों. कातार्‍यांचा ठोकताळा असा कीं, पहिल्या कातकामांत भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ठेवावी, आणि ती कांठापासून बुडापर्यंत सारखी असावी. आठ इंच व्यासाला मीं पाऊण इंचाहून थोडी अधिक ठेवली. वाडगा वर्तमानपत्रांत गुंडाळून, वारा लागणार नाहीं अशा ठिकाणीं, कपाटाच्या तळांत ठेवला. दर रविवारीं स्वयंपाकघरांतील काट्यावर त्याचें वजन करून कागदावर लिहीत गेलों. आरंभीं तें ६९० ग्रॅम होतें. पहिल्या आठवड्यांत बरेंच उतरलें, नंतर थोडें थोडें. बाराव्या रविवारीं ६१० ग्रॅम झालें आणि पुढचे तीन रविवार तेथेंच राहिलें. याचा अर्थ लाकूड आणि घरांतील हवा यांची तडजोड झाली. त्यांतून ऐंशी ग्रॅम पाणी निघून गेलें होतें. वाडगा आतां गोल राहिला नव्हता, किंचित् लांबट झाला होता; पण एकही चीर नव्हती. जाडी अधिक ठेवावयाची ती याचसाठीं, कीं वांकडेपणा पुन्हां चरकावर चढवून कातून काढतां यावा. तसा तो काढला, आणि जो उरला तो हा वाडगा.

शेवटचें काम तेलाचें. येथें घरोघरीं एक चूक होते, ती सांगून ठेवतों. लाकडी भांड्याला खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल लावूं नये. हीं तेलें वाळत नाहींत. चिकट राहतात व कालांतरानें खवट होतात. जवसाचें आणि अक्रोडाचें तेल मात्र हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें व लाकडांत पातळ पापुद्र्यासारखें जमतें. म्हणून जुने युरोपियन चित्रकार रंग याच तेलांत कालवीत. अक्रोडाच्या लाकडाला अक्रोडाचें तेल, असा मीं योग जुळविला. फडक्यानें पातळ हात द्यावा, अर्ध्या तासानें जास्तीचें पुसावें, आणि कांहीं दिवस वाळूं द्यावें. असें तीन-चार वेळां. दोन सूचना महत्त्वाच्या. ज्यांना अक्रोड सोसत नाहीं अशी मंडळी घरांत असतील तर हें तेल वापरूं नये. आणि तेलाचीं फडकीं चुरगाळून कोपर्‍यांत टाकूं नयेत. वाळतांना तीं आपोआप तापतात व पेटूं शकतात. तीं पाण्यांत भिजवून मगच टाकावींत.

आपल्या घरीं असें भांडें असेल तर तें पाण्यांत बुडवून ठेवूं नका, भांडीं धुण्याच्या यंत्रांत घालूं नका, विजेच्या भट्टींत तापवूं नका. चटकन् धुवावें, पुसावें, आणि सांवलींत वाळूं द्यावें. फळें, सुकामेवा, लाह्या, पोळ्या त्यांत खुशाल ठेवाव्या. लोणचें आणि ताक यांसाठीं दगडी किंवा कांचेचींच भांडीं बरीं. जुन्या घरांतील काठवट तीन पिढ्या टिकत असे, ती काय लोखंडाची होती? कणीक मळून झाली कीं ती पुसून भिंतीशीं उभी राहत असे, एवढेंच तिचें पथ्य.

फुटलेला वाडगा मीं टाकलेला नाहीं. चरकाच्या शेजारीं तो पालथा ठेवला आहे, आणि त्याच्यावर पटाशीची धार लावण्याचा दगड असतो. माझी नात हल्लीं रविवारीं चरकापाशीं येऊन उभी राहते. तिनें कातलेली एक लहान वाटी गेल्या महिन्यापासून कपाटांत गुंडाळून ठेवली आहे, आणि “आजोबा, आज काढूं का?” असें ती दर आठवड्यास विचारते. मी काटा पुढें करतों व वजन तिलाच लिहावयास सांगतों. काल तें चार ग्रॅमनीं उतरलें होतें. म्हणजे वाटीला अजून निजूं दिलें पाहिजे.